मोजणीतून गणन आणि आयबीएमची मोफत दहा मिनिटे

पदव्युत्तर भौतिकशास्त्राच्या वर्गात क्वांटम संगणनाचा भाग सुरू झाला की दरवर्षी एक प्रश्न हमखास येतो. "मॅडम, मोजलं की अवस्था मोडते, असं तुम्हीच सांगितलंत. मग मोजूनच गणित करायचं, ते कसं?" प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर फळ्यावर देताही येते, परंतु फळ्यावरचे उत्तर मुलांच्या वहीत उतरते आणि बहुधा तिथेच राहते. म्हणून गेले वर्षभर मी आयबीएमच्या क्वांटम सेवेतील मोफत योजना या एकाच कामासाठी वापरत आले आहे: गुंतलेल्या, म्हणजे ज्यांची अवस्था सुटी सुटी सांगता येत नाही अशा, कणांवर एकेक मोजणी करत गणन पुढे नेण्याची पद्धत मुलांना खऱ्या यंत्रावर दाखवायची. हे परीक्षण तेवढ्या वापरापुरतेच आहे. रसायनशास्त्रातील मोठी गणिते किंवा उद्योगांतील कामे यांसाठी ही सेवा कशी आहे, यावर मी मत देणार नाही.

आधी पद्धतीविषयी थोडे लिहिते, कारण ती समजल्याशिवाय सेवेचे गुणदोष तोलता येणार नाहीत. नेहमीच्या क्वांटम संगणनात क्यूबिटवर, म्हणजे 0 आणि 1 यांच्या मिश्र अवस्थेतही राहू शकणाऱ्या माहितीच्या एककावर, एकामागून एक गेट (त्याची अवस्था बदलणाऱ्या क्रिया) लावतात आणि मोजणी अगदी शेवटी करतात. 2001 साली म्युनिकमध्ये काम करणाऱ्या रॉबर्ट राउसेनडॉर्फ आणि हान्स ब्रीगेल यांनी हा क्रमच बदलला. सुरुवातीलाच पुष्कळ क्यूबिट एका ठरावीक जाळीत गुंतवून ठेवले, तर नंतर एकही दोन-क्यूबिटचे गेट न लावता, केवळ एकेका क्यूबिटची योग्य कोनात मोजणी करत कोणतेही क्वांटम गणन पूर्ण करता येते, असे त्यांनी दाखवले. या जाळीला क्लस्टर अवस्था म्हणतात. वर्गात मी तिला ठिपक्यांची रांगोळी म्हणते, आणि ही उपमा बऱ्याच लांबपर्यंत टिकते. ठिपका म्हणजे क्यूबिट, आणि दोन ठिपक्यांमधली रेघ म्हणजे सीझेड या दोन-क्यूबिटच्या गेटने त्यांच्यात निर्माण केलेले एंटँगलमेंट, म्हणजे गुंतणे. एखादा ठिपका 0 की 1 अशा साध्या मोजणीने तपासला, की तो आपल्या रेघांसह रांगोळीतून पुसला जातो; निकाल 1 आला तर शेजाऱ्यांवर अधिक-उणे चिन्हाची एक खूण तेवढी मागे राहते. तोच ठिपका तिरक्या कोनात मोजला, तर त्याच्यातील माहिती त्या कोनानुसार फिरून शेजारच्या ठिपक्यात सरकते. मोजलेला ठिपका पुन्हा वापरता येत नाही, गणन संपेपर्यंत सगळी रांगोळी खर्ची पडलेली असते, आणि म्हणूनच या पद्धतीला एकमार्गी क्वांटम संगणन असे नाव पडले.

खरी अडचण आणि खरे सौंदर्य पुढच्याच पायरीवर आहे. मोजणीचा निकाल आपल्या हातात नसतो; अशा साखळीत प्रत्येक वेळी 0 आणि 1 येण्याची शक्यता सारखीच असते. नाणेफेक करत करत निश्चित उत्तर कसे काढायचे? त्यावरचा उपाय असा की आधीचा निकाल पाहूनच पुढच्या मोजणीचा कोन ठरवायचा. मागच्या ठिपक्याने 0 दिला तर कोन आहे तसाच ठेवायचा, 1 दिला तर त्याचे चिन्ह उलटे करायचे. एवढी शिस्त पाळली, तर निकाल कितीही यदृच्छ आले तरी अखेरचे उत्तर तेच राहते. तेव्हा अशा गणनासाठी सेवा निवडताना पहिला निकष क्यूबिटच्या संख्येचा नाही. सर्किट चालू असताना मध्येच मोजणी करता येते का, तिचा निकाल नियंत्रक इलेक्ट्रॉनिक्सपर्यंत नेऊन, उरलेले क्यूबिट तग धरून आहेत तोवर, पुढची क्रिया त्यानुसार बदलता येते का, हे आधी पाहायला हवे.

आयबीएमने मे 2016 मध्ये पाच क्यूबिटचे यंत्र इंटरनेटवरून सर्वांना खुले केले, तेव्हा ही सोय नव्हती. मोजणीचा निकाल पाहून पुढे वळणारी सर्किटे, ज्यांना डायनॅमिक सर्किट म्हणतात, 2022 पासून तिथे चालवता येऊ लागली. आज या सेवेत आयबीएमच्या हेरॉन या चिपच्या पिढीची यंत्रे आहेत, त्यांपैकी फेझ आणि माराकेश ही प्रत्येकी 156 क्यूबिटची. मोफत योजनेत 28 दिवसांच्या कालावधीत दहा मिनिटे मिळतात. त्यापलीकडे पैसे मोजून वापरायचे झाल्यास मी पाहिलेला दर मिनिटाला 96 डॉलर असा होता, म्हणजे सामान्य महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेच्या खर्चात तो बसणारा नाही. दहा मिनिटे ऐकायला फारच तुटपुंजी वाटतात, परंतु हिशेबात धरला जातो तो केवळ यंत्र प्रत्यक्ष गुंतलेले असल्याचा वेळ. रांगेत थांबण्याचा वेळ त्यात येत नाही. तीन क्यूबिटचे सर्किट हजारभर वेळा चालवायला काही सेकंद पुरतात. त्यामुळे जपून वापरल्यास पंधरा-वीस विद्यार्थ्यांच्या वर्गाला एका खात्यावरची मिनिटेही पुरवता येतात, आणि प्रत्येकाने स्वतःचे खाते उघडले तर प्रश्नच उरत नाही.

वर्गात मी करून घेते तो प्रयोग इथे सविस्तर देते, कारण या सेवेची किंमत मला त्यातूनच कळली. आयबीएमचे किसकिट हे मोफत सॉफ्टवेअर पायथन या संगणकभाषेत वापरायचे. तीन क्यूबिट घेऊन प्रत्येकावर हॅडमार्ड गेट (0 ला 0 आणि 1 यांच्या समसमान मिश्रणात नेणारे) लावायचे, मग पहिला-दुसरा आणि दुसरा-तिसरा या जोड्यांवर सीझेड लावायचे. झाली तीन ठिपक्यांची साखळी. आता पहिल्या क्यूबिटला झेड अक्षाभोवती (अवस्था म्हणजे गोलातला एक बाण मानला, तर त्या गोलाच्या उभ्या अक्षाभोवती) 90 अंश फिरवायचे, हॅडमार्ड लावायचे आणि मोजायचे. दुसऱ्या क्यूबिटवर इफ-टेस्ट नावाची सोय वापरायची: पहिल्याचा निकाल 0 असेल तर अधिक 90 अंश, 1 असेल तर उणे 90 अंश, आणि मग पुन्हा हॅडमार्ड व मोजणी. शेवटी दुसऱ्याचा निकाल 1 आला असेल तर तिसऱ्या क्यूबिटवर एक्स गेट लावून तो उलटवायचा आणि मोजायचा. गणित सांगते की तिसरा क्यूबिट प्रत्येक वेळी 0 देणार. मुले हे आपापल्या लॅपटॉपवर एअर नावाच्या सिम्युलेटरमध्ये, म्हणजे क्वांटम यंत्राची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, आधी चालवून पाहतात. पडद्यावर पहिल्या दोन क्यूबिटच्या निकालांचे चार स्तंभ जवळजवळ सारख्या उंचीचे येतात, म्हणजे 00, 01, 10 आणि 11 या चारही शक्यता साधारण पाव-पाव वेळा. आणि या चारही स्तंभांत तिसरा अंक मात्र न चुकता 0 असतो.

यानंतर मी त्यांना इफ-टेस्टची ती एक अट काढून टाकायला सांगते आणि कोन दोन्ही वेळा अधिक 90 अंशच ठेवायला लावते. बाकी काहीही बदलायचे नाही. सर्किट पुन्हा चालवले की चाराचे आठ स्तंभ होत नाहीत, चारच राहतात, परंतु त्यांतल्या दोघांमध्ये तिसरा अंक 0 आणि दोघांमध्ये 1 आलेला असतो. एकूण धरले तर तिसरा क्यूबिट निम्म्या वेळा 0 आणि निम्म्या वेळा 1 देऊ लागतो; उत्तराचे पुन्हा नाणे झाले. वर्गात या क्षणी जी शांतता पसरते, तिच्यासाठी मी हा सगळा खटाटोप करते. कोणीतरी पुढे होऊन नीट पाहतो आणि म्हणतो, "मॅडम, जिथे पहिला 1 आहे तिथेच चुकतंय." बरोबर तेच. दरवर्षीच्या प्रश्नाचे उत्तर मुलांना इथे आपल्याच डोळ्यांनी दिसते. मोजणीने अवस्था मोडते हे खरेच, पण मोडताना ती कुठल्या बाजूला मोडली याची खबर आपल्याला मिळते, आणि ती खबर वेळेवर वापरली तर काहीही वाया जात नाही.

प्रामाणिकपणे एक गोष्ट सांगायला हवी, आणि मी ती वर्गातही सांगते. तीन ठिपक्यांच्या या प्रयोगात अट गाळली तरी पहिला निकाल पाहून तिसरा अंक नंतर कागदावर दुरुस्त करता येतो. सर्व कोन 90 अंशांच्या पटीत असतील तर सगळ्या मोजण्या एकदमच उरकून घेता येतात, क्रमाची गरजच पडत नाही. शिवाय अशी गणने साधा संगणकही सहज करू शकतो. मधले कोन, उदाहरणार्थ 45 अंश, आले आणि साखळी लांबली, की मात्र वाट पाहणे अटळ होते. त्यामुळे या प्रयोगाला क्वांटम संगणकाच्या सामर्थ्याचा पुरावा मानू नये. तो पद्धतीचा सांगाडा दाखवतो, आणि तेवढे काम तो उत्तम करतो.

सिम्युलेटरवर सगळे ठाकठीक झाले, तर यंत्राकडे जायचेच कशाला, असे कोणी विचारील. माझे उत्तर एका कटू अनुभवातून आलेले आहे. यापूर्वी मी एका खासगी ऑनलाइन प्रशिक्षणवर्गाचे शुल्क भरले होते. तिथे यंत्रावरचे निकाल म्हणून जे आकडे दाखवले गेले, त्यांत कित्येक प्रयोगांनंतरही एकही चूक दिसेना, तेव्हा ते सिम्युलेटरचे असल्याचे माझ्या ध्यानात आले. खरे यंत्र चुकते. तीन ठिपक्यांच्या साखळीतही हेरॉनवर तिसरा अंक अधूनमधून 1 येतो, आणि ठेंगणे का होईना, पण नको असलेले चार स्तंभ पडद्यावर उगवतात. ते पाहिल्यावरच दुरुस्तीचे, मोजणीतल्या चुकांचे आणि क्यूबिट किती काळ तग धरतात याचे प्रश्न मुलांच्या मनात उभे राहतात. आयबीएमच्या सेवेत प्रत्येक कामासमोर ते कोणत्या यंत्रावर चालले आणि किती वेळ लागला याची नोंद असते, आणि हा उघडपणा मला फार मोलाचा वाटतो.

याच उघडपणाचा दुसरा भाग म्हणजे यंत्रांची रोजची प्रकृती दाखवणारे पान. प्रत्येक क्यूबिट वाचताना होणारी चूक, प्रत्येक जोडीवरच्या सीझेड गेटची चूक, क्यूबिटची अवस्था टिकण्याचा काळ, हे सगळे तिथे नकाशावर दिसते. 156 क्यूबिट सारखे नसतात. एकाच चिपवर काही उत्तम तर काही बरेच दुबळे असतात. साखळीसाठी सलग तीन चांगले क्यूबिट स्वतः निवडावेत, निवड आपोआप होऊ देऊ नये, असा माझा सल्ला आहे. मुलांना हे काम बाजारात भाजी निवडण्यासारखे आवडते, आणि निवडीचा फरक निकालात दिसतो तेव्हा त्यांना यंत्राविषयी जे कळते ते कुठल्याही व्याख्यानातून कळत नाही.

हेरॉनविषयी एक तांत्रिक समाधान विशेष नोंदवावेसे वाटते. या चिपवर सीझेड हे मूळचे, यंत्राने थेट करायचे गेट आहे. आधीच्या ईगल पिढीत तसे नव्हते. तिथे सीझेडचे रूपांतर वेगळ्या मूळ गेटमध्ये करून घ्यावे लागे. क्लस्टर अवस्था सीझेडनेच विणली जाते, त्यामुळे वहीत काढलेली रेघ आणि चिपवर घडणारी क्रिया यांत आता अंतर राहिलेले नाही. जाळीचा आकार मात्र आपल्या नेहमीच्या चौकटीच्या रांगोळीचा नाही. हेरॉनवरचे क्यूबिट षटकोनांत मांडलेले आहेत आणि षटकोनाच्या प्रत्येक बाजूवर मध्ये आणखी एक क्यूबिट बसवलेला आहे, त्यामुळे कुणालाही तीनपेक्षा जास्त शेजारी नाहीत. ही रचना चुका कमी ठेवण्यासाठी केलेली आहे आणि गणनाच्या दृष्टीने ती अडसर ठरत नाही. बाजूंवरचे हे मधले ठिपके वाय दिशेत (मघाच्या गोलाच्या एका आडव्या अक्षावर) मोजले, की त्यांच्या दोन्ही टोकांचे ठिपके एकमेकांशी थेट जोडले जातात आणि शुद्ध षटकोनी जाळी उरते; अशी जाळी सर्व प्रकारच्या गणनाला पुरेशी आहे हे सिद्ध झालेले आहे. हे कागदावर काढून पाहणे हा एका तासाचा सुंदर स्वाध्याय होतो. नोव्हेंबर 2025 मध्ये आयबीएमने जाहीर केलेल्या 120 क्यूबिटच्या नाइटहॉक चिपवर चौकटीची जाळी आहे, म्हणजे 2001 च्या मूळ मांडणीतील रांगोळी तिथे जशीच्या तशी काढता येईल.

आता उणिवांकडे येते. सर्वांत मोठी उणीव या तंत्रज्ञानाच्या स्वभावातच आहे. आयबीएमचे क्यूबिट अतिवाहक, म्हणजे विरोधाविना वीज वाहणाऱ्या अतिथंड परिपथांचे, असतात; त्यांवर दोन-क्यूबिटचे गेट शंभराहून कमी नॅनोसेकंदांत होते, तर मोजणीला मायक्रोसेकंदाच्या घरातला वेळ लागतो, आणि निकाल पोहोचून पुढची क्रिया ठरेपर्यंत आणखी थोडा. तेवढा वेळ उरलेली रांगोळी तशीच पडून विस्कटत असते. जे गणन गेट लावून झटकन होते, तेच मोजणीच्या मार्गाने केल्यास जास्त क्यूबिट लागतात आणि चुकाही जास्त होतात. म्हणून या यंत्रांवर ही पद्धत शिकावी, तिच्यातून उत्तम निकालाची अपेक्षा करू नये. तिचे खरे माहेर प्रकाशकणांचे आहे. दोन फोटॉनांमध्ये हवे तेव्हा गेट घडवणे अतिशय कठीण असते, तर त्यांना मोजणे सोपे. अशा ठिकाणी गुंतवणे आधी उरकून पुढचे सर्व काम मोजणीवर सोपवणे हाच शहाणपणाचा मार्ग ठरतो. 2005 साली व्हिएन्नामध्ये आंतोन त्सायलिंगर यांच्या गटाने चार फोटॉनांच्या क्लस्टर अवस्थेवर ही पद्धत प्रथम प्रत्यक्षात आणली. पुढे 2022 चे नोबेल पारितोषिक त्यांना आलाँ आस्पे आणि जॉन क्लाउझर यांच्यासह गुंतलेल्या फोटॉनांवरील प्रयोगांसाठी मिळाले. कॅनडातील झनाडू कंपनीचे 2025 च्या जानेवारीत जाहीर झालेले ऑरोरा यंत्र याच वाटेवरचे आहे. त्यात 35 प्रकाशचिप आणि तेरा किलोमीटर प्रकाशतंतू वापरलेले आहेत. झनाडूचे पेनीलेन हे मोफत सॉफ्टवेअरही चांगले आहे, आणि मध्ये मोजून पुढे वळण्याची सोय त्यात आहे. ज्यांना केवळ सिम्युलेटरवर शिकायचे आहे त्यांनी पेनीलेन आणि किसकिट यांपैकी कोणतेही निवडावे. मी आयबीएमकडे राहिले, कारण वर्गातल्या एखाद्या मुलाने मंगळवारी लिहिलेले सर्किट त्याच आठवड्यात खऱ्या चिपवर, विनामूल्य, अटीसकट चालवून पाहता येते.

इतर काही बाबी थोडक्यात सांगते. काम रांगेत लागत असल्यामुळे तासिकेच्या वेळेत निकाल हाती येईल असे धरून चालू नये. सर्किटे आदल्या दिवशी पाठवून ठेवावीत. सर्किट रचण्यासाठी कंपोझर नावाचा ओढून-सोडून वापरायचा फलक आहे, तो पहिल्या दोन दिवसांसाठी ठीक आहे, नंतर पायथनच बरे. मार्गदर्शन भरपूर आणि नेटके आहे, पण ते इंग्रजीत वाचावे लागते, आणि मराठी माध्यमातून आलेल्या मुलांसाठी मला स्वतःची टिपणे करावी लागली. गणिताची अट त्या मानाने हलकी आहे; अकरावी-बारावीतले मॅट्रिक्स आणि संमिश्र संख्या पक्क्या असतील तर वरचा प्रयोग हातानेही सोडवता येतो. आणि एक सूचना अगदी आग्रहाने: किसकिटमध्ये निकालाचे अंक उजवीकडून डावीकडे वाचायचे असतात, म्हणजे पहिला क्यूबिट सर्वांत उजवीकडे. हे स्पष्ट लिहिलेले आहे, तरी मी ते दुर्लक्षून एक अख्खी संध्याकाळ तिसऱ्या क्यूबिटच्या जागी पहिल्याकडे पाहत बसले होते आणि दुरुस्ती चालतच नाही अशी माझी खात्री झाली होती. चूक सर्वस्वी माझी होती. आता मी वर्गात पहिल्याच दिवशी फळ्याच्या कोपऱ्यात डावीकडे वळलेला बाण काढून ठेवते आणि सत्र संपेपर्यंत पुसू देत नाही.

आपल्याकडे केंद्र सरकारने 19 एप्रिल 2023 रोजी 6003.65 कोटी रुपयांच्या राष्ट्रीय क्वांटम मिशनला मंजुरी दिली असून आठ वर्षांत 50 ते 1000 क्यूबिटची यंत्रे उभारणे हे त्याचे एक उद्दिष्ट आहे. ती यंत्रे आपल्या महाविद्यालयांना अशाच सहजतेने वापरता यावीत, अशी माझी मनापासून इच्छा आहे, आणि त्या वेळी वापरणारे हात तयार असावेत म्हणून आज मिळणारी ही दहा मिनिटे मी प्रत्येक भौतिकशास्त्राच्या शिक्षकाला घ्यायला सांगेन. माझ्याकडून सेवेला पाचपैकी चार तारे. पाचवा राखून ठेवला आहे तो मोजणीनंतरच्या प्रतीक्षेमुळे.

या महिन्यातली साडेसहा मिनिटे अजून शिल्लक आहेत. दोन विद्यार्थिनींनी पाच ठिपक्यांची साखळी लिहून ठेवली आहे, ज्यात चार मोजण्यांमधून एका क्यूबिटला हवे तसे फिरवता येते. कोन या वेळी 45 अंशांचे आहेत, त्यामुळे अट गाळून कागदावर सावरून घेण्याची सोय नाही. सिम्युलेटरवर ती बरोबर चालली आहे. नकाशावर सलग पाच चांगले क्यूबिट त्यांना सापडले, की शुक्रवारी संध्याकाळी काम पाठवायचे ठरले आहे.